कवटीला दोन भोकं

नेटीचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आयुष्यभर तिला पगारच त्याचा मिळाला होता. गारपिटीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीसाठी ती पिकाचं नुकसान तपासायला जाई. कनोरा गावाच्या आसपास असा शेतकरी नव्हता ज्याच्या कॅनोलाच्या पिकात ती गुडघ्यापर्यंतचे बूट घालून फिरली नव्हती, आणि ज्याने तिला कॉफी पाजून, मधाचा केक खिलवून, "नेटी, तू तर आपल्यातलीच," असं म्हणून पाहिलं नव्हतं. केक ती खायची. मग शेतात जाऊन रोपाचा देठ वाकवून बघायची आणि म्हणायची, "ही गार नाही, अळी आहे." गार वाऱ्याबरोबर तिरकी येते, देठाला एकाच अंगाने मारते. सगळ्या बाजूंनी सारखंच नुकसान दिसलं, की कुठेतरी पाणी मुरतंय असं ती समजायची.

अशा बाईचा नवरा असाध्य दुखण्यातून उठून चालायला लागला, तर तिने देवापुढे मेणबत्ती लावावी आणि गप्प बसावं, असं चर्चमधल्या बायकांना वाटत होतं. नेटीने मेणबत्ती लावली. गप्प बसणं मात्र तिला जमेना.

नवऱ्याचं नाव ओरेस्ट. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, बोलघेवडा, आणि थंडीत कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या, खेळात गावातला राजा. त्याला कंपवाताने गाठलं तेव्हा आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, बोटांत गोळी वळत बसल्यासारखा. मग अक्षर मुंगीएवढं झालं. मग चेहरा थिजला; विनोद तोच सांगायचा, पण तोंडावर एक सुरकुती हलायची नाही, त्यामुळे लोकांना हसावं की नाही तेच कळेना. शेवटी दार आलं की त्याचे पाय जमिनीला खिळायला लागले. उंबऱ्याशी उभा राहून तो म्हणायचा, "नेटी, इंजिन बंद पडलं गं." ती येऊन त्याच्यासमोर काठी आडवी धरायची आणि ती ओलांडायची म्हणून त्याचं पाऊल उचललं जायचं. आपण होऊन न उचलणारं पाऊल अडथळा दिसला की उचलतं, हा मेंदूचा कसला न्याय, हे तिला कधी समजलं नाही.

मग शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तो प्रयोग निघाला. कवटीला दोन भोकं पाडायची, आणि मेंदूत ज्या ठिकाणच्या पेशी मेल्या आहेत तिथे नव्या पेशी सोडायच्या. पण हे अर्ध्याच रोग्यांना. उरलेल्या अर्ध्यांना तशीच भूल, तशीच भोकं, तसेच टाके, आणि आत काहीच नाही. कुणाला खरं मिळालं आणि कुणाला खोटं, ते फक्त ऑपरेशन करणाऱ्याला ठाऊक. रोग्याला नाही, बायकोला नाही, दर भेटीला तपासणाऱ्या डॉक्टर रीडबाईंनाही नाही. वर्षाने मूठ उघडायची. ज्यांच्या वाट्याला खोटं आलं असेल त्यांना हवं असल्यास मग खरं ऑपरेशन.

"म्हणजे मला फसवणार की नाही हे तुम्हालाही माहीत नसणार?" ओरेस्टने पहिल्याच दिवशी रीडबाईंना विचारलं होतं.

"बरोबर."

"मग आपण दोघंही आंधळे. छान जमेल आपलं."

बाई हसल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, बुटावरचं बर्फ झटकत खोलीत येणाऱ्या. त्यांनी एक गोष्ट दोनतीनदा बजावून सांगितली होती: नव्या पेशींना मूळ धरायला वेळ लागतो, सहा महिन्यांच्या आत काही फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. हे वाक्य नेटीच्या डोक्यात पक्कं बसलं. शेतीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला असं वाक्य विसरता येत नाही.

आणि ओरेस्ट तर महिन्याच्या आत सुधारला.

टाके निघाले आणि आठवड्याभरात त्याने शर्टाची बटणं स्वतः लावली. मग सही केली, वाचता येईल अशी. मग एका गुरुवारी तो चर्चच्या तळघरात गेला. तिथे बायका विक्रीसाठी वारेनिकी करत बसतात. तो बिनधास्त त्यांच्यात बसला आणि बटाट्याचं सारण भरून पाऱ्यांच्या कडा चिमटीने दाबायला लागला. नेटीने त्याने केलेल्या वारेनिकी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आणि उकळत्या पाण्यात स्वतः सोडल्या. एकही फुटली नाही.

"बघ," ओरेस्ट म्हणाला, "इतकी वर्षं संसार केलास, आता माझ्या हाताची परीक्षा घेतेस?"

"मीठ बघत होते," नेटी म्हणाली.

तिला रडू आलं होतं, आणि आनंदानेच आलं होतं. पण डोळे पुसता पुसता ती मनाशी म्हणत होती, पी हळद आणि हो गोरी असं कधी असतं का? मे महिन्यात पेरलेलं जूनमध्ये कापायला येतं का? ज्या पिकाला वेळच मिळाला नाही ते उभं कसं राहिलं?

पहिल्या तपासणीला गेले तेव्हा रीडबाईंनी तिला वेगळ्या खोलीत बसवलं. घरच्यांनाही एक प्रश्न विचारायचा असतो, त्या म्हणाल्या. प्रयोग करणाऱ्यांना हे बघायचं असतं की घरच्यांना बाहेरून काही ओळखता येतं का.

"तुम्हाला काय वाटतं, त्यांना खरं मिळालंय की खोटं?"

"हे त्याला कळणार नाही ना?"

"या खोलीतलं बोलणं या खोलीतच राहतं."

"मग खोटं," नेटी म्हणाली.

बाईंनी भुवया उंचावल्या. "पण ते तर खूपच सुधारलेत."

"सुधारलाय, नाही कोण म्हणतंय? पण फार लवकर सुधारलाय. तुम्हीच सांगितलं होतं सहा महिने. डॉक्टर, मला एक सांगा. आत काही घातलंच नसेल तर हात थांबेल कसा?"

"या दुखण्यात मेंदूत एक रस कमी पडतो. आपल्याला बरं वाटणार आहे असं माणसाच्या मनाने पक्कं घेतलं, की तोच रस थोडा थोडा खरोखर सुटतो. मनाचे खेळ नाहीत हे, यंत्रावर दिसतं. आशेनेही तो हात थांबू शकतो."

"आणि आशा गेली तर?"

"ते सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "माणसागणिक वेगळं असतं."

त्या दिवसापासून नेटीच्या सुखाला सुरुंग लागला. खरंच मिळालं असेल तर प्रश्नच नव्हता. पण खोटं असेल, तर ओरेस्टचा हात, पाय, सही, वारेनिकी, सगळं एका समजुतीवर उभं होतं, आणि वर्षाने ती समजूत एक डॉक्टरीण येऊन काढून घेणार होती. आपली शंका चुकीची ठरावी म्हणून नेटी तिची परीक्षा घ्यायला लागली. तसं तरी ती स्वतःला सांगत होती. प्रत्यक्षात ती घरात पाळत ठेवत होती, आणि ती ठेवताना तिला जुन्या नोकरीतली तीच खाज सुटायची, याची तिला लाजही वाटायची.

गारेचा मार देठाच्या कुठल्या अंगाला आहे ते बघावं, तसं हा आजार कधी आणि कुठे मागे हटतो ते तिने बघितलं. लोकांत ओरेस्ट ताठ चालायचा. दुकानात, चर्चमध्ये, मेहुण्याच्या घरी, सगळीकडे जोरात. एकदा ती दुकानातून लवकर परतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला गॅरेजचं दार दिसलं. दारात ओरेस्ट उभा होता, हातात रंधा, पाय खिळलेले. कुणी बघत नव्हतं. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग नेटीने पुढच्या दाराने बाहेर जाऊन मुद्दाम मोटारीचं दार आपटलं, आणि तो आवाज ऐकताच गडी झपझप चालत बाहेर आला. "आलीस? चहा टाक गं, रंधा आज मस्त चालतोय!"

नेटीने चहा टाकला. काय बोलणार? 'मी तुला पाहिलं' म्हणावं तर तो विचारणार, 'का पाहत होतीस?' आणि त्या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं.

फेब्रुवारीत गावच्या कर्लिंगच्या स्पर्धेत त्याने शेवटचा दगड सोडला. खाली वाकून, गुडघा बर्फाला टेकवत, हलक्या हाताने. दगड सरकत सरकत नेमका वर्तुळाच्या मध्यावर जाऊन थांबला. सगळे उठून ओरडले. नेटीही उठून ओरडली, गळा बसेपर्यंत. आणि ओरडताना तिचे डोळे त्याच्या उजव्या अंगठ्यावर होते, दगड सुटल्यावर तो हलतोय का ते बघायला. हलत नव्हता. हेही तिला खुपलं. देवाने इतकं दिलं आणि ही बाई त्यातही कीड शोधतेय, असं तिचं तिलाच वाटलं, आणि तिने स्वतःला मनातल्या मनात एक शिवी हासडली.

दर तपासणीला रीडबाई विचारायच्या आणि दर वेळी नेटी तेच सांगायची. खोटं बोलली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण खोट्या दाव्याखाली तिने कधी सही केली नव्हती, आणि ती खोली एवढी एकच जागा होती जिथे तिला तोंड उघडता येत होतं.

मग हॉस्पिटलातून फोन आला. वर्ष पुरं झालं, दोघंही या. मूठ उघडायची आहे. मात्र ज्यांना जाणून घ्यायचंच नसेल त्यांनी तसं सांगावं, त्यांना सांगितलं जाणार नाही.

हे शेवटचं वाक्य नेटीला बुडत्याला मिळालेल्या काडीसारखं वाटलं. रात्री जेवताना तिने बोर्श्टमध्ये, बिटाच्या सारात, सायीचं दही घोळवत सहज विचारल्यासारखं विचारलं, "जायलाच हवं का रे?"

"म्हणजे?"

"नाही, तू बरा आहेस. काय मिळालं ते कळून काय करायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ओरेस्टने चमचा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आता भाव उमटत होते, आणि आत्ता उमटलेला नेटीला बिलकूल आवडला नाही.

"तू का असं म्हणतेस?"

"सहज."

"तू सहज काही म्हणत नाहीस. सहज तू पावासोबत लोणीसुद्धा मागत नाहीस. नेटी, तुला काही वेगळं वाटतंय का?"

आता आली पंचाईत. 'जाऊ नकोस' म्हणण्याचं कारण सांगितलं की जाण्याआधीच घात, आणि कारण नाही सांगितलं तर हा जाणारच. ज्या समजुतीवर त्याचा हात उभा होता तिला हात न लावता ती राखायची कशी? नेटीने इकडून विचार केला, तिकडून केला, आणि शेवटी बोर्श्टचा वाडगा त्याच्याकडे सरकवला.

"मला काय वाटायचंय? इतका लांबचा रस्ता, तिथे मोटार लावायला जागा मिळत नाही, म्हणून म्हटलं."

"हात्तिच्या!" ओरेस्ट हसला. "मला तर उलट त्या रीडबाईचं तोंड बघायचंय. खरंच मिळालंय म्हणून सांगतील तेव्हा मी म्हणणार, बाई, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं!"

नेटीही हसली. मग भांडी घासताना नळ मोठा सोडून ती रडली.

तपासणीच्या दिवशी औषधाशिवाय यायचं असतं. आदल्या संध्याकाळपासून कंपवाताची गोळी बंद. एरवी अशा सकाळी तो लाकडासारखा व्हायचा, पण त्या दिवशी त्याने बूटही स्वतः घातले. रीडबाईंनी त्याला बोटं आपटायला लावली, खुर्चीतून उठायला लावलं, दाराबाहेर जाऊन यायला लावलं. मग त्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही खांदे धरून त्याला अचानक मागे ओढलं. वर्षापूर्वी या धक्क्याने तो झाड पडावं तसा पडला असता. आता एक पाऊल मागे टाकून उभा राहिला.

"बाई, लग्नाआधी एवढ्या जोरात मला कुणी ओढलं नव्हतं," तो म्हणाला.

बाई आत जाऊन आल्या. त्यांनाही आत्ताच कळलं होतं, ते त्यांच्या चालीवरून दिसत होतं. त्या खुर्ची ओढून ओरेस्टच्या अगदी समोर बसल्या.

"ओरेस्ट, तुम्हाला खोटं ऑपरेशन मिळालं होतं. आत काही घातलेलं नाही."

नेटीने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तोही स्वतःच्या हाताकडेच पाहत होता. त्याने तो हळूच उचलून समोर धरला, तळवा खाली करून. हात थरथरला नाही.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "बी न पेरताच पीक आलं?"

"असंच म्हणायला हवं."

"मग ते बर्फावरचं सगळं... सही... ते कुणी केलं?"

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. "तुमच्या मेंदूने."

ओरेस्ट हसायला लागला. आधी घशात, मग पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "नेटी, ऐकलंस? मीच! फुकट भोकं पाडली लेकांनी!" आणि त्याचा हात अजून तसाच हवेत, स्थिर. नेटीने वर्षभर जिवाला घोर लावून घेतला होता तो उगाचच. ज्याला ती काचेचं भांडं समजून जपत होती तो माणूस चांगला पोलादी निघाला. तिला त्याला मिठी मारावीशी वाटली, सगळ्यांसमोर, वयाला न शोभेल अशी.

रीडबाईंनाही आनंद झाला होता. एवढी वाईट बातमी दिली आणि रोगी हसतोय, असं भाग्य त्यांच्या धंद्यात वारंवार येत नाही. आणि शिकलेलं माणूस आनंदात आलं की त्याच्या तोंडाला कुलूप राहत नाही.

"आणि नेटी, तुमची तर कमाल!" त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्या सगळ्या रोग्यांच्या घरच्यांत तुम्ही एकट्या. पहिल्या भेटीपासून खोटं म्हणत होतात, एकदाही..."

त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्या थांबल्या. पण बाण सुटला होता.

ओरेस्टचं हसू अर्धवट राहिलं. त्याने नेटीकडे मान वळवली.

"पहिल्या भेटीपासून?"

"ओरेस्ट, ते त्यांनी विचारलं म्हणून..."

"वारेनिकी केल्या तेव्हा?"

नेटी त्याच्या गुडघ्यावरचा आपला कोट सारखा करायला लागली.

"गॅरेजपाशी तू मोटारीचं दार आपटलं होतंस, ते? मला बघून आपटलं होतंस?"

"तुला लाज वाटू नये म्हणून रे."

"आणि फेब्रुवारीत? शेवटचा दगड टाकला तेव्हा? तू उभी राहून ओरडत होतीस, नेटी. मी सगळ्यांतून तुझाच आवाज ऐकला होता. तेव्हाही?"

आत्ता एक खोटं पुरलं असतं. नेटीने ते बोलायचं ठरवलं आणि बोललीही. "तेव्हा नाही," ती म्हणाली.

पण दुसऱ्यांचं खोटं तपासण्यात जन्म गेलेल्या बाईला स्वतःचं खोटं नीट मांडता येत नव्हतं. तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली होती, सवयीने, आणि ती कुठे गेली ते त्याने पाहिलं. त्यानेही तिकडे पाहिलं. अंगठा हलला. थांबला, पुन्हा हलला, आणि मग गोळी वळायला लागल्यासारखा हलतच राहिला. त्याने डाव्या हाताने उजवा दाबून धरला तर कोपरापासून सगळा हात थरथरायला लागला.

"यांनी फसवलं ते आधी सांगून फसवलं गं," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, दुखण्याच्या दिवसांत व्हायचा तसा. "माझी सही घेऊन."

नेटीने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, फक्त आपला हात हळूच खालून काढून घेतला आणि मांडीखाली दाबला. रीडबाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या, नेटीची मागावी की त्याची हे त्यांना समजत नव्हतं. त्या म्हणाल्या की ठरल्याप्रमाणे त्याला आता खरं ऑपरेशन मिळेल, उन्हाळ्यातच, तारीख त्या लवकर कळवतील. फक्त त्या दिवशी घरचं कुणीतरी सोबत लागेल.

ओरेस्टचा चेहरा थिजत चालला होता. तो नेटीच्या शेजारीच बसलेला होता, तिचा कोट त्याच्या गुडघ्यावर होता.

"बघतो," तो रीडबाईंना म्हणाला, "कुणाला तरी विचारून."